वजनाचे इंजेक्शन आणि रत्नागिरीचा पावसाळा

आंबा घाट चढून कोल्हापूरच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, गेले, तेव्हा माझ्या मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या पुढे होता. वजनकाट्याच्या आधी डॉक्टरांनी घराण्याची चौकशी केली: थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग कोणाला झाला होता का, मला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का. यातले काहीच नव्हते, म्हणून त्यांनी टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो हे साखर आणि वजन उतरवणारे इंजेक्शन, आठवड्यातून एकदा २.५ मिलिग्रॅम असे सुरू केले आणि त्याच चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड या माझ्या मधुमेहाच्या गोळीची मात्रा निम्मी केली, कारण खाणे घटल्यावर तीच गोळी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवू शकते. ओळखीच्या मेडिकलमधून परस्पर इंजेक्शनचे पेन आणणाऱ्यांना हे कोण सांगणार, असा प्रश्न मला आजही पडतो.

टोचण्याची भीती लवकर गेली. दर वेळी नवी सुई लावायची, टोकाशी थेंब दिसेपर्यंत हवा काढायची, बेंबीपासून दोन इंच लांब टोचायचे आणि बटण दाबून धरून सावकाश पाच अंक मोजायचे. एका पेनातले चारही डोस झाल्यावर त्यात थोडे औषध दिसते. त्या पेनासाठी तेव्हा १४,००० रुपयांच्या आसपास मोजले असल्याने ते टाकवत नाही, परंतु ते हवा काढण्यासाठी जास्तीचे भरलेले असते, त्यात पाचवा डोस नसतो.

खरी कसोटी साठवणुकीची होती. न उघडलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि एकदा गोठले की ते वाया जाते, म्हणून ते बर्फाच्या कप्प्यापासून दूर, खालच्या फळीवर डब्यात ठेवले आणि शेजारी थर्मामीटर ठेवला. वापरात घेतलेले पेन ३० अंशांखाली ३० दिवस चालते, पण मे महिन्यात आमच्याकडे ती सवलत कागदावरच राहते, आणि जूनमध्ये वादळी पावसाने लाईट गेली की फ्रीज उघडायचा नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

पहिल्या आठवड्यांत बांगडा तळल्याचा वास सोसेना आणि बद्धकोष्ठही झाले. सकाळी पातळ पेज, दिवसभर पुरेसे पाणी आणि जेवताना आधी माशाची तुकडी किंवा कुळथाची पिठी, मग उरलेल्या भुकेपुरता भात, या क्रमाने बरे वाटले. “अगं, एवढ्याशा भाताने काय होणार?” असे सासूबाई रोज विचारत. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून प्रथिने चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते, हे त्यांना सांगितल्यावर माझ्या ताटात दुसरी तुकडी येऊ लागली.

पहिल्या चार आठवड्यांनंतर मात्रा ५ मिलिग्रॅम झाली. वजन उतरत असल्याने डॉक्टरांनी ती पुढे वाढवलेली नाही. औषध थांबवल्यावर वजन परतण्याचा संभव असल्याने ते कधी आणि कसे थांबवायचे, हे पुढच्या तपासणीत ठरेल. वापरलेल्या सुया कचऱ्यात न टाकता जाड प्लॅस्टिकच्या बरणीत साठवते आणि रक्ततपासणीला जाताना लॅबमध्ये देते.