दुखतो गुडघा, झिजतो खुबा

वर्षानुवर्षे रोज सकाळी पर्वती चढणारी माझी आई दोन वर्षांपूर्वी पायऱ्यांच्या मध्यावरच थांबू लागली आणि विचारले की "उजवा गुडघा धरतो रे" एवढेच सांगू लागली. पुढचे आठ महिने तेल चोळण्यात, शेक घेण्यात आणि नी-कॅप घालण्यात गेले. एका डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे पाहून वयोमानानुसार झीज आहे असे सांगितले. खुबा मात्र कोणी तपासलाच नाही, याची हळहळ मला आजही वाटते.

नंतर दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला उताणे झोपवून पाय खुब्यात व गुडघ्यात काटकोनात वाकवला आणि मांडी आतल्या बाजूला वळवून पाहिली, तेव्हा ती कळवळली. खुब्याच्या झिजेत बहुधा हीच हालचाल सर्वांत आधी कमी होते. खुब्याला संवेदना पुरवणाऱ्या नसांच्या शाखा गुडघ्यापर्यंतही जात असल्यामुळे दुखणे तिथे भासू शकते. एरवी ते प्रामुख्याने जांघेत जाणवते. आपण मात्र खुबा म्हटले की कुल्ल्यावर हात ठेवतो.

खरे तर घरात खुणा दिसत होत्या. डाव्या पायाची नखे ती सहज कापत असे, पण उजव्या पायासाठी नेलकटर माझ्या हातात देई. मांडी घालून बसणे तिने सोडले होते, रिक्षात चढताना उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून आत घेत असे आणि सकाळी उठल्यावर पहिली काही पावले आखडलेली पडत. या आजारात सकाळचा ताठरपणा सहसा ३० मिनिटांच्या आत ओसरतो. तो तासभर टिकत असेल, तर आमवातासारख्या दाहक विकाराचाही विचार करावा लागतो.

वय, आनुवंशिकता, लठ्ठपणा, जुना अस्थिभंग ही कारणे सर्वपरिचित आहेत. आईच्या बाबतीत कटीच्या हाडातली खोबण जन्मतःच थोडी उथळ निघाली. मांडीच्या हाडाचा गोलाकार माथा अशा खोबणीत पुरेसा झाकला जात नाही, त्यामुळे शरीराचा भार कूर्चेच्या, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरील गुळगुळीत आवरणाच्या, लहानशा भागावर एकवटतो आणि तो भाग लवकर झिजतो. चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो, हे लक्षात घेतले म्हणजे साठ वर्षांत त्या कूर्चेने काय सोसले असेल ते कळते. आपल्याकडे तरुण वयात खुबा खराब होण्यामागे माथ्याचा रक्तपुरवठा तुटणे हे मोठे कारण असते. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स आणि अति मद्यपान यांमुळे तो धोका वाढतो.

आई आता काठी डाव्या हातात धरते. "दुखऱ्या बाजूला धरा" असे वाटेत अनेकजण आपुलकीने सांगतात, तेव्हा ती थांबून समजावते की उजवा पाय टेकताना डाव्या हातातली काठी भार पेलते, म्हणून उजव्या खुब्याच्या स्नायूंना कमी ओढावे लागते आणि सांध्यावरचा दाब उतरतो.