अंगठ्याचा घोटाळा

पोहता येतं, मग हवेची टाकी पाठीवर घेऊन स्कूबा डायव्हिंगही जमेलच, अशा तोऱ्यात मी बोटीवरून पाण्यात उतरले. तीन मीटरांवर उजव्या कानाने तोरा उतरवला.

सुई खुपसल्यासारखी कळ! नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, हे आधी दहादा घोकलं होतं. पण मी दुखेपर्यंत थांबले आणि मग जोर लावला. चुकलं ते इथेच. बाहेरचा दाब वाढून घशाकडून कानात जाणारी नळी मिटली, की जोराने फुंकून ती उघडत नाही, उलट कानाला इजा होऊ शकते. प्रशिक्षकाने मला मीटरभर वर घेतलं. तिथे फुंकल्यावर कानात बारीक 'पुट्' झालं आणि कळ गेली. त्यानंतर हातभर उतरलं की फुंक, दुखायची वाटच बघायची नाही.

खुशीत मी त्याला अंगठा दाखवला, 'मस्त!' म्हणून. तर तो मला घेऊन वरच निघाला! पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. झालं, कानाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आठ मीटरांवर प्रवाळ. माझ्या घड्याळाचा लाल पट्टा तिथे मळकट तपकिरी दिसत होता, कारण पाणी आधी लाल रंगच गिळतं. कुठूनतरी कुरकुर ऐकू येत होती, कोणी शेंगदाणे खातंय तशी. बघते तर पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडत होता.

तरंगत राहणं मात्र जमेना. श्वास घेतला की शरीर वर जातं, सोडला की खाली, पण लगेच नाही, दोन क्षणांनी. तेवढ्यात मी घाबरून हात मारायची. एकदा फिनने, म्हणजे पायातल्या रबरी पंखाने, वाळू उडाली आणि शेजारच्या प्रवाळावर बसली. लाज वाटली, तो काही दगड नव्हे, जिवंत आहे. मग हाताची घडीच घातली, ती शेवटपर्यंत.

या धडपडीत माझी हवा सगळ्यांच्या आधी संपत आली. टाकीतला दाब दाखवणारा काटा २०० बारवरून ७० वर. पुन्हा अंगठा, या वेळी समजून. वर येताना श्वास अजिबात रोखायचा नाही, कारण फुप्फुसातली हवा फुगत जाते. सुरक्षेसाठी पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबलो.

बोटीवर मास्क काढला, तर नाकाशी थोडं रक्त. सुरुवातीच्या त्या जोराच्या फुंकीचा प्रसाद असावा. दुपारची डाइव्ह मी मुकाट्याने सोडून दिली.