सनद वाचली की वेदोक्त कळतं

वेदोक्त म्हटलं की कोल्हापूरकराला पंचगंगेचा घाट आठवतो. वेदोक्त म्हणजे वेदमंत्रांनी केलेला विधी, तो क्षत्रियांचा हक्क; पुराणोक्त म्हणजे पुराणातल्या मंत्रांचा, शूद्रांसाठीचा मानलेला. 1899 चा कार्तिक, शाहू महाराजांचं पहाटेचं स्नान आणि पुराणोक्त मंत्र म्हणणारा भटजी, तोही बिनआंघोळीचा. पुराणोक्ताला पुरोहिताने न्हाऊन यायची गरज नसते, वेदोक्ताला असते. संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी तिथेच हे महाराजांच्या लक्षात आणून दिलं. इथवर सगळ्यांना पाठ. पण नुसता घाट बघितला तर हे मानापमानाचं भांडण वाटतं, आणि ते वीस वर्षं का धुमसलं याचा पत्ता लागत नाही.

त्यासाठी इनामाच्या सनदा, म्हणजे जमीन बहाल केल्याची सरकारी पत्रं, बघाव्या लागतात. मोडीतल्या सनदेत हा मजकूर हमखास येतो: ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेपसहित, हक्कदार व इनामदार खेरीज करून’. पाणी, झाडं, गवत, दगड, जमिनीत पुरलेलं धन निघालं तर तेही इनामदाराचं. आधीच्या हक्कदारांचं तेवढं वगळून. नवखा वाचक या यादीवरच भाळतो. बघायचं असतं ते इनाम कशाबद्दल दिलंय. विद्वत्तेबद्दलचं इनाम वेगळं, चाकरीबद्दलचं वेगळं. चाकरी थांबली की दुसऱ्या प्रकारावर सरकारला हात टाकता येतो.

महाराजांनी नेमकं हेच कलम धरलं. राजघराण्याचे पुरोहित असलेले राजोपाध्ये वेदोक्त करत नाहीत, म्हणजे चाकरी करत नाहीत. 1902 मध्ये वतन जप्त. शास्त्रार्थाचा निकाल महसूल खात्यात लागला म्हणा ना! इंग्रजांकडे अपिलं गेली, टिकली नाहीत. त्याच वर्षी 26 जुलैला रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हे दोन कागद मी तरी एकाच फाइलीत ठेवेन.

पुढे 1918 मध्ये गावचा हिशेब ठेवणाऱ्या कुलकर्ण्यांची वंशपरंपरागत वतनं गेली, पगारी तलाठी आले. कुणाची बाकी किती हे गावात एकट्या कुलकर्ण्याच्या दप्तरात असायचं, तेही मोडीत. सावकाराइतकाच त्याचा धाक.

वतन जप्त करणं सोपं होतं. लग्न, मुंज, श्राद्ध मात्र लोकांना हवंच होतं, आणि ते वेदोक्त लावणार कोण? मग 1920 मध्ये पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, बसवले, आणि मराठा पुरोहित तयार करायला कोल्हापुरात शिवाजी वैदिक विद्यालय काढावं लागलं.