कोठीच्या खोलीतल्या फळ्या

आज दिवसभर कोठीच्या खोलीत तारेच्या फळ्या बसवल्या. हात भरून आलेत, पण आत्ताही मधूनच उठून दार उघडून बघतेय.

सगळ्यात जास्त वेळ मापं घेण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. मागच्या भिंतीलगत रुंदीचं एक माप भरतं, पुढच्या कडेला दुसरं. आमच्याकडे फरक चक्क १२ मिलिमीटरचा निघाला! लहान माप धरलं, त्यातूनही बाजूच्या ब्रॅकेटसाठी थोडं कमी केलं, मगच हॅक्सॉ चालवली. कापलेली टोकं कानशीने घासून त्यांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या. ती फार बोचतात, हे काम टाळू नका.

भोक पाडताना आधी प्लास्टरचा करडा भुगा आला, मग विटेची लाल पूड. ती दिसली आणि जिवात जीव आला, कारण स्क्रूची खरी पकड तिथेच. नुसत्या प्लास्टरवर डब्यांचं ओझं टिकत नाही.

छोट्या बाटल्या तारांवर कलंडत होत्या, त्यांच्याखाली पातळ अ‍ॅक्रिलिकची पट्टी घातली. मोठे डबे खाली.

वरची फळी आईचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर घेतलीय. उद्या डबे तीच लावणार आहे.