दाढेतलं पांढरं फिलिंग नक्की किती टिकतं? माझा अनुभव

माझ्या खालच्या डाव्या दाढेत काही वर्षांपूर्वी कॉम्पोझिट फिलिंग केलं होतं, म्हणजे ते दाताच्याच रंगाचं असतं आणि निळा लाईट मारून कडक करतात ते. दुखत काहीच नव्हतं. पण ती आणि शेजारची दाढ यांच्यामधल्या फटीत मेथीची पानं, आंब्याचे धागे, सगळं अडकायला लागलं आणि रात्री फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घातला की बरोब्बर तिथेच त्याचे तंतू सुटून यायचे. असं होत असेल तर दुखायची वाट बघू नका, प्लीज.

नव्या डॉक्टर मॅडमनी बाइटविंग एक्स-रे काढला, वरच्या-खालच्या दाढा एकत्र दिसतात तो छोटा एक्स-रे. त्यात फिलिंगच्या खाली, हिरडीजवळ काळी सावली. वरून मात्र फिलिंग चकचकीत, कुठे टवका उडालेला नाही. मॅडम म्हणाल्या, "ताई, फिलिंग झिजलेलं नाहीये, कडेने कीड आत शिरलीय." पूर्वीची कॉम्पोझिट दाढेत झिजायची, आताची तेवढी झिजत नाहीत, ती बाद होतात मुख्यतः कडेला परत कीड लागून नाहीतर फिलिंग किंवा दातच तुटून.

मग मी सरळ विचारलं, टिकतं किती? त्यांनी सांगितलं की अभ्यासांमध्ये दाढेतली अशी फिलिंग वर्षाला शंभरात साधारण 1 ते 3 बाद होतात, म्हणजे 10 वर्षांनीही बरीचशी जागेवर असतात. पण ही सगळ्यांची सरासरी झाली. ज्याला कीड पटकन लागते, जो झोपेत दात खातो, ज्याच्या दाढेच्या दोन-तीन बाजू गेलेल्या आहेत त्याचं लवकर जातं.

कडेलाच का जातं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. हे मटेरियल लाईटने कडक होताना थोडं आकसतं, 2-3 टक्के, आणि दाताला धरून राहतं ते फक्त बॉंडिंगच्या, म्हणजे आधी लावलेल्या चिकट थराच्या, जोरावर. अ‍ॅसिडने खरखरीत केलेल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थराला, ते छान चिकटतं, पण हिरडीजवळ खाली इनॅमल पातळ किंवा नसतंच, आणि तिथेच लाळ नाहीतर रक्त लागलं की पकड कच्ची राहते. मागच्या वेळी गालात कापूस ठेवून घाईघाईत सगळं उरकलं होतं, कापूस भिजून लाळ सारखी जिभेखाली साठत होती हे मला चांगलं आठवतंय. तेच कारण असेल असं छातीठोकपणे नाही म्हणणार, पण मला राग येतो.

यावेळी इंजेक्शन देऊन रबर डॅम लावला, म्हणजे रबराची पातळ शीट, तिच्यातून फक्त दोन-तीन दाढा बाहेर आणि बाकी तोंड शीटच्या मागे. सुरुवातीला गुदमरल्यासारखं वाटतं, नाकाने सावकाश श्वास घेत राहायचं. जुनं काढलं, कीड साफ केली, सुदैवाने ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली नव्हती त्यामुळे रूट कॅनाल करायचं वाचलं. मग दोन दाढांमध्ये पातळ पट्टी आणि लाकडी पाचर, शेजारच्या दाढेला घट्ट टेकावं म्हणून रिंग, आणि जेमतेम 2 मिलिमीटरचा एकेक थर, प्रत्येक थराला लाईट. शेवटी निळा कार्बन पेपर चावायला लावून उंच लागतंय तिथे घासलं. वेळ जास्त लागला, पैसेही जास्त, पण यात घाई आणि काटकसर करूच नये असं माझं ठाम मत झालंय.

थोडे दिवस गार पाण्याने सळ यायची, ती आपोआप गेली. फ्लॉस आता टक् आवाज करून आत जातो आणि अख्खा बाहेर येतो. दिवसभर घोट घोट गोड चहा घेणं बंद केलंय, फ्लोराईडची पेस्ट लावून रात्री ब्रश करते. आणि पुढे कधी कड निघालीच तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो का हे आधी विचारा, कारण प्रत्येक वेळी सगळं उकरलं की खड्डा मोठा होतो आणि दाढ बारीक होत जाते.

वरच्या दाढेत माझं जुनं सिल्व्हर, म्हणजे चंदेरी धातूचं फिलिंग आहे, त्यात पारा असतो म्हणून तेही काढून टाका म्हटलं मी. मॅडमनी कडा तपासल्या आणि नाही म्हणाल्या, घट्ट आहे, खाली कीड नाही, उलट ते ड्रिल करतानाच पाऱ्याची वाफ जास्त सुटते. म्हणून ते तसंच ठेवलंय.