सोलापूरकराला त्या टाचणीचे काय?

‘इथे लोक टँकरची वाट पाहतात आणि तुम्हाला घाटातल्या टाचणीची काळजी!’ हे मला लग्नघरापासून बँकेच्या रांगेपर्यंत सर्वत्र ऐकावे लागते. टाचणी म्हणजे चतुराचा भाऊबंद असलेला नाजूक उडता कीटक. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून लिहितो. टँकरचा हा हिशेब जिल्ह्यातल्या उसाला कोणी विचारत नाही, हे जाता जाता नोंदवतो.

फायलोन्यूरा वेस्टरमनी ही टाचणी फक्त पश्चिम घाटात आढळते आणि तिच्या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, बराच काळ तीच एकमेव ज्ञात जात होती. धोक्यातल्या जिवांच्या जागतिक यादीत ती अजून ‘संकटग्रस्त’ नाही, ‘संकटसमीप’ आहे. म्हणजे घाई नाही, असा अर्थ तुम्ही काढू शकता. पण ती जिथे प्रामुख्याने राहते त्या मिरिस्टिका दलदली आता तुकड्यातुकड्यांनी उरल्या आहेत. बारमाही ओढ्याकाठी, सपाट तळाच्या दरीत, रानजायफळाच्या कुळातली झाडे चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभी असतात, आणि नेमकी तीच जमीन भाताला व पोफळीला सोयीची असते. टाचणीची मादी वनस्पतीच्या अंगात अंडी खुपसते आणि अळी शेपटीकडच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेते. त्यामुळे ओढा आटला की पुढची पिढीच उरत नाही.

उत्तर कन्नडमधील सिद्धापूर तालुक्यात एका पोफळीच्या बागायतदाराला मी हेच माझ्या सोलापुरी कन्नडमध्ये समजावत होतो. माझे बोलणे पुरे होण्याआधीच त्याने सावलीतल्या एका पानाकडे बोट दाखवले. काळ्या अंगावर निळ्या खुणा असलेला नर तिथे पंख मिटून बसला होता. आजोबांनी अर्धी दलदल तोडून बाग केली, तो म्हणाला. उरलेली आम्ही तोडत नाही, कारण बागेचे पाणी तिथूनच येते. मग त्याने विचारले, “तुम्ही सोलापूरचे ना? तुमच्याकडे तो मोठा पक्षी होता, त्याचे काय झाले?” मी सांगू लागलो, की माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, आरंभी त्याचे क्षेत्र सुमारे ८५०० चौरस किलोमीटर होते, पुढे ते पुष्कळ कमी केले गेले. “ते असू द्या. पक्षी किती आहेत?” आता एखादा दिसला तरी बातमी होते, हे मला त्याला सांगता आले नाही. माझी अडचण ओळखून त्याने विषय बदलला आणि पाणी प्यायला दिले. त्याच्या त्या सौजन्याचा मला जितका राग आला, तितका तुमच्या टोमण्यांचा कधी आला नाही.

टाचण्या पाण्याची प्रत दाखवतात, असे मी पूर्वी ठासून सांगत असे. ते खरे आहे; पण तेवढेच कारण असते, तर पाणी तपासायला प्रयोगशाळा पुरेशी होती. ही जात नाहीशी झाली, तर सोलापूरच्या नळाला एक थेंबही कमी येणार नाही, हेही मान्य. माळरानाबाबत गप्प बसावे लागले म्हणून हा माणूस दलदलीबाबत बोलतो, असे कोणी म्हटले, तर ते मला खोडता येणार नाही. मात्र माळढोक अभयारण्यातला नान्नजचा उरलासुरला माळ घराजवळ असताना घाटात का जाता, असे विचाराल, तर त्याचे उत्तर आज माझ्याकडे नाही.