कार्यशाळेचे तीन दिवस आणि अर्धा र

पहिला दिवस, रात्री

'ग्रंथपाल आणि माहिती व्यावसायिकांसाठी इंटरनेट तंत्रज्ञान, मोफत कार्यशाळा.' पत्रक हातात पडलं तेव्हा आधी नजर 'मोफत'वर गेली आणि लगोलग शंका आली. ही माझी पाचवी की सहावी मोफत कार्यशाळा. आजवरचा अनुभव असा, की पडद्यावर स्लाइड सरकत राहतात, आपण माना डोलावतो, प्रमाणपत्र घेतो, आणि सोमवारी कामावर गेल्यावर शनिवारी तयार केलेला पासवर्डसुद्धा आठवत नाही.

आज निदान सुरुवात वेगळी झाली. म्हणजे फजितीने झाली. प्रत्येकाने विकिपीडियावर खातं उघडायचं आणि एखाद्या लेखाला एक संदर्भ जोडायचा, हा पहिला धडा. २०१६ पासून जगभरचे ग्रंथपाल हा उपक्रम चालवतात. एका ग्रंथपालाने एक संदर्भ द्यावा, एवढंच मागणं. काम आमच्या हातचं. पुरावा नसलेलं विधान हुडकायचं आणि कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर त्याचा आधार आहे ते काढून द्यायचं, हे आम्ही जन्मभर काउंटरवर करत आलोय. पण सहा जणांची खाती उघडली आणि सातव्यापासून सगळ्यांना नकार. एका आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या एका जोडणीच्या क्रमांकावरून, २४ तासांत सहाच खाती उघडता येतात, खोट्या खात्यांचा सुळसुळाट होऊ नये म्हणून. आणि आम्ही हॉलभर माणसं एकाच वायफायवर. बाहेरून पाहणाऱ्याच्या लेखी आम्ही एकच इसम होतो, जो घाईघाईने नवनवी नावं घेत सुटला होता. आयोजकांना आधी कळवून सवलत मागता आली असती, किंवा आम्हाला घरूनच खातं उघडून यायला सांगता आलं असतं. दोन्ही राहून गेलं.

"मॅडम, मी नेमका सातवा," शेजारचे सर म्हणाले. निवृत्तीला आठ महिने राहिलेत त्यांच्या. चेहऱ्यावर निराशेपेक्षा सुटकेचा भाव जास्त होता.

खरं सांगायचं तर आयपी पत्त्याची व्याख्या मी याआधीच्या प्रत्येक कार्यशाळेत वहीत उतरवून घेतली आहे. तो प्रकार काय आहे हे कळलं आज, दारातून परत पाठवलं तेव्हा.

दुसरा दिवस, रात्री उशिरा

आज दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या.

एक म्हणजे कोहा, ग्रंथालयाचं काम चालवणारी संगणक प्रणाली. नाव माहीत होतं, गोष्ट माहीत नव्हती. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांची जुनी संगणक प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. दुसरी विकत घेण्याऐवजी त्यांनी कटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि पुढे सगळ्या जगाला खुली करून टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मात्र घेणाऱ्यानेही कधीतरी काही द्यावं, हे त्यात धरलेलंच असतं. हे ऐकल्यावर पत्रकावरचा 'मोफत' पुन्हा डोळ्यांसमोर आला. फुकटच्या शिकवणीची परतफेड कशी करायची असते? आमच्या ग्रंथालयात पाच जण आहेत आणि तीन दिवसांसाठी धाडलं गेलं एकटीला. परत गेल्यावर आजवर मी त्यांना काय शिकवलं, याची मनातल्या मनात उजळणी केली. यादी फारच आखूड निघाली.

झेड ३९.५०, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी शोधून आणायची ठरलेली पद्धत, तीसुद्धा आज स्वतःच्या हाताने चालवून पाहिली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावरचा ओळख क्रमांक, टाकला की दूरच्या ग्रंथालयातली तयार नोंद आपल्या पडद्यावर येते. १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, सगळं मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातल्या खणांमध्ये बसवलेलं. कुणी अनोळखी माणसाने कधीतरी मन लावून केलेलं काम आपण दोन सेकंदांत उचलतो. हीसुद्धा भेटच. (विषयशीर्षकं मात्र तपासून घ्यावीत. फुकट आलेल्या नोंदीत चुकाही फुकट येतात.)

दुसरी गोष्ट मेलेल्या दुव्यांची. काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यशाळेहून परतल्यावर मी हौसेने 'उपयुक्त संकेतस्थळं' अशी यादी करून वाचनकक्षात लावली होती. आज फोनमधला तिचा फोटो उघडून एकेक पत्ता टाकून पाहिला. निम्म्याहून अधिक ठिकाणी ४०४, म्हणजे पान सापडत नाही. दोन ठिकाणी तर त्याच पत्त्यावर भलतंच दुकान थाटलेलं. आणि ही यादी आजही भिंतीवर आहे, माझ्या अक्षरात. शिकवणाऱ्या मॅडमनी मग इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन उघडून दिलं. संस्था १९९६ पासून वेबपानं साठवते आहे आणि २००१ पासून ती कुणालाही पाहता येतात. मेलेला पत्ता टाकला, जुनी तारीख निवडली, आणि यादीतली चार पानं जशीच्या तशी समोर आली. पुढे कामाचं म्हणजे, महत्त्वाचं पान आपणच तिथे जतन करून ठेवू शकतो आणि तो पत्ता नोंदीतल्या दुव्यांसाठीच्या ८५६ च्या खणात मूळ दुव्याशेजारी नोंदवू शकतो.

डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा क्रमांक, मला नेहमी नुसता लांबलचक आकडा वाटायचा. त्यावर मॅडम म्हणाल्या, "कपाट दुसऱ्या मजल्यावर नेलं तर पुस्तकाचा वर्गांक बदलता का? नाही ना? तसंच." लेख या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर गेला तरी क्रमांक तोच राहतो, प्रकाशकाने नवी जागा नोंदवली की झालं. अर्थात त्याने नोंदवली तरच. कपाट हलवून फलक न बदलणारे लोक आपल्यातही आहेतच.

जाताना त्यांनी सांगितलं, "उद्या स्लाइड नाहीत. प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयातली एक अडकलेली गोष्ट आणा." हॉलमध्ये चुळबुळ झाली. स्लाइड नाहीत म्हणजे झोपायचं कधी?

तिसरा दिवस

माझी अडकलेली गोष्ट वर्षभर जुनी आहे. आमच्याकडे एक आजोबा येतात, आकाशनिरीक्षणाचा नाद असलेले. त्यांना हव्या असलेल्या पुस्तकाच्या शीर्षकात 'ताऱ्यांचे' हा शब्द आहे. वाचकांसाठीच्या संगणकावर त्यांनी तो शोधला, काही मिळालं नाही. मी माझ्या टेबलावर शोधला, तर हजर. पुन्हा त्यांच्या संगणकावर गेले, नाही. मी शीर्षक पुसून नव्याने टाइप केलं. तरी तेच. मग ते पुस्तक मी स्वतः कपाटातून काढून त्यांना दिलं आणि विषय तिथेच सोडला. तांत्रिक दोष, असं म्हणून. हा शब्द आम्ही किती सहज वापरतो!

मॅडमनी विचारलं, "दोन्हीकडे कीबोर्ड एकच आहे?" नव्हता. मी माझ्या जुन्या सवयीच्या कीबोर्डवर टाइप करते, वाचकांच्या संगणकावर दुसरा आहे. त्यांनी शब्द दोन्ही कीबोर्डांवर टाइप करून घेतला आणि मोठ्या पडद्यावर एकाखाली एक ठेवला.

तार्‍यांचे
ताऱ्यांचे

सगळा हॉल बघत होता. कुणालाही फरक दिसेना. मग त्यांनी दोन्ही शब्दांची अक्षरं सुटी करून दाखवली. वरच्यात दहा चिन्हं, खालच्यात नऊ. माझ्या कीबोर्डने अर्धा र असा रचला होता: साधा र, मग हलन्त, आणि मग एक अदृश्य चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर, ज्याला रुंदीच नाही. दुसऱ्या कीबोर्डने ऱ हे वेगळं अक्षर घेतलं होतं, युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. डोळ्याला दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द.

मी नवं शीर्षक टाइप केलं तेही त्याच जुन्या कीबोर्डवर. म्हणजे दुरुस्ती म्हणून मी तीच चूक पुन्हा केली होती, अधिक काळजीपूर्वक.

शेजारचे सर एकदम ताठ बसले. "म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, बिचाऱ्या, कोऱ्या... सगळेच?" सगळेच. खंडांची नोंद करताना 'दुसऱ्या आवृत्तीची' लिहिलेलं, लेखकांच्या नावांत आलेलं, सगळंच. पुढचा पाऊण तास त्यांनी माउस सोडला नाही. स्वतःच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग उघडून ते एकेक शब्द दोन्ही प्रकारे शोधत होते, आणि आकडे वेगळे आले की मला कोपर मारून दाखवत होते. आठ महिने राहिलेला माणूस.

उपाय दोन प्रकारचे. शोधयंत्रणेला सांगायचं की हे दोन्ही एकच समज. ते प्रणाली सांभाळणाऱ्याचं काम. आणि नोंदींमध्ये एकच रूप ठेवायचं. ते आमचं काम. युनिकोडची शिफारस ऱ वापरायची आहे, दुसरी पद्धत जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. ही गोष्ट मला कुणी वीस वर्षांपूर्वी सांगितली असती तर! पण वीस वर्षांपूर्वी मी विचारलंही नसतं.

दुपारनंतर खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि प्रमाणपत्रांच्या वेळी पुन्हा भरल्या. तो भाग नेहमीसारखाच.

सोमवार, रात्री

सकाळी दार उघडल्याबरोबर वाचनकक्षातली ती यादी काढून टाकली. मग चौघांना बोलावून दोन्ही शब्द दाखवले. आमच्या सर्वांत तरुण सहकाऱ्याने विचारलं, "मॅडम, मग 'उपलब्ध नाही' म्हणून परत पाठवलेल्यांचं काय?"

त्याचं रजिस्टर आहे आमच्याकडे. वाचकाचं नाव, मागणी, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात माझी सही. ते घेऊन बसलो. जिथे ऱ्य किंवा ऱ्ह दिसेल ती मागणी पुन्हा शोधायची, दोन्ही प्रकारे. पहिल्याच पानावर एक सापडलं. आत्तासुद्धा कपाटात उभं होतं, धूळ खात. मागणी दीड वर्षापूर्वीची. वाचकाला मीच फोन केला.

"आलं का पुस्तक?" त्यांनी विचारलं.

"होतंच," मी म्हणाले.

रजिस्टरची अजून अकरा पानं उरली आहेत.